वाचकांचे प्रश्न : आईच्या अहवालातला आकडा

प्रश्न : माझ्या आईला वयाच्या ५५व्या वर्षी, म्हणजे चौदा महिन्यांपूर्वी, प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस हा यकृताचा दुर्मीळ आजार असल्याचे निदान झाले. तेव्हापासून अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या चालू आहेत. वर्ष पूर्ण झाल्यावर केलेल्या तपासण्यांचे आकडे मी इंटरनेटवर 'ग्लोब स्कोअर' (या आजारात पुढे धोका किती, याचा अंदाज देणारा आकडा) काढून देणाऱ्या पानावर भरले, तेव्हा उत्तर ०.९२ आले. हा आकडा ०.३०च्या वर गेला की पुढचा काळ कठीण, असे वाचले. आईला अजून काही सांगितलेले नाही. या आकड्यावर किती विश्वास ठेवावा? अहवालाची प्रत सोबत जोडली आहे.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तुम्ही अहवालाची प्रत जोडलीत हे फार चांगले केलेत, कारण चूक तिथेच सापडली. आपल्याकडच्या प्रयोगशाळा प्लेटलेटची संख्या लाखांत लिहितात आणि आईच्या अहवालात ती '१.९ लाख' अशी आहे. ग्लोब स्कोअरच्या सूत्राला मात्र हाच आकडा हजारांत, म्हणजे १९० असा लागतो. बिलिरुबिन ०.९, अल्ब्युमिन ४.१ आणि अल्कलाइन फॉस्फेटेज सामान्य मर्यादेच्या १.८ पट, हे यकृताच्या तपासण्यांचे सर्व आकडे तसेच ठेवून मी दोन्ही प्रकारे गणित करून पाहिले. प्लेटलेटच्या रकान्यात १.९ भरले की ०.९२ येते, आणि १९० भरले की ०.४४. प्लेटलेट जवळजवळ संपल्या आहेत असे समजून सूत्राने तुम्हाला घाबरवले होते.

०.४४ हाही ०.३०च्या वरचाच आकडा आहे, ही गोष्ट मी तुमच्यापासून लपवत नाही. परंतु ०.३० ही सरसकट मर्यादा आहे. वय वाढते तसा हा स्कोअर आपोआप वाढतो, म्हणून संशोधकांनी वयोगटांनुसार निराळ्या मर्यादाही दिल्या आहेत आणि आईच्या वयोगटाची मर्यादा ०.३०हून वरची आहे. तेव्हा ही तुलना तिच्या डॉक्टरांसमोर बसून, मूळ अहवाल हातात घेऊनच करावी.

आता आकड्याच्या अर्थाकडे येतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेला हा स्कोअर उत्तर अमेरिका आणि युरोपातील केंद्रांत अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल घेणाऱ्या ४,११९ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला आहे. दुर्मीळ आजारात एका रुग्णालयाकडे असे सूत्र बांधण्याइतके रुग्ण कधीच जमत नाहीत, आणि हा आजार वर्षानुवर्षे संथपणे सरकत असल्याने निकाल दिसायलाही दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणून अनेक देशांची दप्तरे एकत्र करावी लागली. त्याआधी अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाने १९८९मध्ये वय, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि अंगावरची सूज यांवरून एक सूत्र दिले होते. ते आजही शिकवले जाते, पण ते बांधले तेव्हा आजचे औषध सर्रास वापरात नव्हते.

या सूत्रांतून निघणारी टक्केवारी 'यकृत प्रत्यारोपणाशिवाय हयात' असलेल्या रुग्णांची असते, ही बाब बहुतेक कुटुंबांच्या नजरेतून सुटते. ज्यांच्यावर प्रत्यारोपण यशस्वी झाले आणि जे आजही घरात वावरत आहेत, तेही या हिशेबात 'घटना घडली' असेच मोजले जातात. त्या टक्केवारीतली उणीव म्हणजे केवळ मृत्यू नव्हे. शिवाय ती टक्केवारी आईसारखे अहवाल असलेल्या समूहाची आहे, त्या समूहात आई कोठे आहे हे सूत्राला ठाऊक नसते.

हे सूत्र आपल्या लोकांना किती लागू पडते, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो आपल्या जिल्ह्याच्या पावसावरून चांगला समजतो. इगतपुरीच्या पर्जन्यमापकावरून बांधलेला अंदाज सिन्नरला वापरला, तर जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जास्त आणि ऑक्टोबरमध्ये कमी हा क्रम बरोबर येईल, पण मिलिमीटर साफ चुकतील. रोगाच्या सूत्रांचेही असेच होते. कोणत्या रुग्णाला धोका अधिक, हा क्रम दुसऱ्या देशातही बऱ्यापैकी टिकतो. नेमकी टक्केवारी मात्र आहार, जोडीचे आजार, निदानाला झालेला उशीर आणि प्रत्यारोपणाची सोय यांनुसार सरकते. ती आपल्याकडच्या रुग्णांवर पुन्हा ताडून घ्यावी लागते, आणि त्यासाठी आपल्या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी असाव्या लागतात.

आईला सांगावे, असे माझे मत आहे. आकड्यापासून सुरुवात करू नका. खाज आणि थकवा यांबद्दल तिला आधी विचारा, कारण हा त्रास किती आहे ते कोणताही स्कोअर सांगत नाही. या आजाराचे जुने नाव 'सिरोसिस' या शब्दाने संपत असे आणि त्या शब्दाबरोबर लोक दारूचा संबंध जोडत. २०१५मध्ये ते नाव बदलले. नातेवाइकांपैकी कोणी तसे काही बोलले असेल, तर हेही तिला अवश्य सांगा.

प्रश्न : मला हाच आजार सहा वर्षांपासून आहे आणि प्रकृती ठीक आहे. ज्या रुग्णालयात माझे निदान झाले, तेथील संशोधन विभागातून दर सहा महिन्यांनी फोन येतो. सांगण्यासारखे काहीच नसताना उत्तर देत राहण्याचा उपयोग काय?
— एक शिक्षिका, सिन्नर

उत्तर : 'काही झाले नाही' हीच त्यांना हवी असलेली माहिती आहे. या अभ्यासांत प्रत्येक रुग्ण शेवटच्या संपर्काच्या तारखेपर्यंतच मोजला जातो. त्यानंतर तो हिशेबातून बाहेर जातो. त्रास नाही म्हणून ठणठणीत रुग्णांनी फोन घेणे सोडले, तर मागे आजारी रुग्णच अधिक उरतात आणि आजार आहे त्याहून भयंकर दिसू लागतो. उलट, प्रकृती ढासळलेले रुग्ण उपचारासाठी मुंबईला गेले आणि त्यांचा पत्ताच लागला नाही, तर आजार खोटाच सौम्य भासतो. दोन्ही बाजूंनी फटका बसतो तो पुढच्या रुग्णाच्या आकड्याला.

नाव आणि पत्ता नोंदींपासून वेगळा ठेवला जातो का, हे विचारण्याचा आणि संमती मागे घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तो प्रश्न निःसंकोच विचारा. मात्र मोबाइल क्रमांक बदललात तर तेवढे त्यांना कळवा, आणि प्रत्येक अहवालाची प्रत तारखेच्या क्रमाने एकाच फाइलमध्ये लावत जा.