तेल बाहेरनं येतं, मग आपण स्वतंत्र कसले?

प्रश्न: ताई, आपल्याला लागणारं ८० टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरच्या देशातनं येतं, मग आपण स्वतंत्र कसले? आमच्या घरात यावरनं लई वाद झाला. – एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: वाद झाला ते बरंच झालं बघ. स्वतंत्र असणं म्हणजे कुणाची गरजच नसणं असं नाही गं, आपला निर्णय आपण घेणं, आणि ह्यातच आपली कायम गल्लत होते. भूतानचं बघ की, एवढासा देश, पावसाळ्यात नद्यांवरची जास्तीची वीज आपल्याला विकतो आणि हिवाळ्यात पाणी कमी झालं की उलट आपल्याकडनं घेतो, त्यांचा चुखा जलविद्युत प्रकल्प तर भारताच्याच अनुदान आणि कर्जातनं उभा राहिला, म्हणून काय त्यांचं स्वातंत्र्य गेलं का? पण गिऱ्हाईक एकच असलं की भाव ठरवताना आवाज बारीक होतो, हेही खरंय. विकणारा एकच असला तरी तसंच, त्यामुळं तेल बाहेरनं येतं का यापेक्षा किती देशांतनं येतं, एकानं हात आखडला तर दुसरा आहे का, हे विचार.

आणि कधीकधी देश मुद्दाम एकमेकांत अडकून घेतात. १९५१ ला फ्रान्स, पश्चिम जर्मनी धरून सहा देशांनी कोळसा आणि पोलाद, म्हणजे युद्धाला लागणारा मालच, एका सामायिक मंडळाखाली आणायचा करार केला, का, तर परत एकमेकांवर तोफा चालवता येऊ नयेत म्हणून. मला हे फार मोठं वाटतं.

आपली कोल्हापुरी चप्पलसुद्धा एकट्या आपली नाही, २०१९ ला तिला जीआय, म्हणजे वस्तू मूळची कुठली हे सांगणारा भौगोलिक मानांकनाचा शिक्का, मिळाला तो महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. घरी हे पण सांग.