पहिल्यांदा भाड्याने घर घेतोयस ना?

एजंट म्हणेल, "११ महिन्यांचाच करार आहे, नोटरी केली की झालं." अजिबात ऐकू नकोस. महाराष्ट्रात करार ११ महिन्यांचा असो वा ३ वर्षांचा, तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, तुझी नाही. लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. हे एजंटला शांतपणे सांग, बहुतेक वेळा तेवढ्यानेच गाडी रुळावर येते.

डिपॉझिट रोख द्यायचं नाही. बँकेतूनच द्यायचं, आणि आकडा करारात हवा. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली परस्पर पैसे कापतात. माझ्या मते ही सरळसरळ लूट आहे. म्हणून सामान आत नेण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढ. भिंतीवरची ओल, बाथरूमची तडकलेली फरशी, गिझर चालू करून, विजेच्या मीटरचं रीडिंग, सगळं. त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठव. आधीच्या भाडेकरूचं वीजबिल थकलेलं नाही ना, तेही किल्ली घेण्याआधी बघून घे.