जॅब आला की डोळे मिटतात

प्रश्न : वस्ताद, मी १९ वर्षांचा. चार वर्षं तालमीत कुस्ती केली, आता तीन महिने बॉक्सिंग शिकतोय. स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) समोरच्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, आला की डोळे मिटतात, मान खाली जाते. बचाव कसा सुधारू?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : बाळा, मान खाली जाते ती मातीच्या सवयीनं. कुस्तीत खडाखडीला, म्हणजे उभ्यानं झोंबताना, वाकावंच लागतं. रिंगमध्ये तसा वाकलास की खालून वर येणारा ठोसा, अपरकट, बसतो, आणि डोकं समोरच्याच्या कमरेच्या पट्ट्याखाली नेलंस तर फाउल. मीही तालमीतूनच आलो. ही सवय मोडायला मला वर्ष लागलं. गुडघ्यांत बस, पाठ सरळ, हनुवटी आत.

डोळ्यांसाठी जोडीदाराला सांग, दोन मिनिटं फक्त जॅब, तोही निम्म्या जोरानं. तू उलट मारायचंच नाहीस. नजर त्याच्या ग्लोव्हवर नको, छातीवर ठेव. खांदा आधी हलतो. मागच्या हाताच्या तळव्यानं जॅब जेमतेम चार बोटं बाजूला सार. हात लांब गेला की गाल उघडा पडलाच म्हणून समज. लगेच हात हनुवटीशी परत, आणि अर्धं पाऊल बाजूला.

घरी खांद्याच्या उंचीवर दोरी बांधून तिच्याखालून डावी-उजवीकडे जात पुढं सरक.

हेल्मेट आहे म्हणून रोज जोराचं स्पारिंग करू नकोस. त्यानं कातडी फुटायची वाचते, मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. डोकं दुखलं, गरगरलं, तर त्याच क्षणी ग्लोव्ह काढ आणि डॉक्टर गाठ.