वाचकांचे प्रश्न : केमो चालू असताना हातात गुठळी

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझं वय 46. डाव्या ब्रेस्टचं ऑपरेशन झालंय, आता केमो चालूय आणि त्यासाठी उजव्या दंडात पिक लाईन (शिरेतून औषध द्यायची बारीक नळी) टाकलीय. मागच्या आठवड्यात हा उजवाच हात सुजला, बांगड्या निघेनात, साबण लावून काढल्या. फिजिओने दिलेल्या कागदावर सूज आली तर मसाज असं लिहिलंय म्हणून सासूबाईंनी तेल कोमट करून दोन दिवस चांगला चोळून दिला. मग डॉप्लर (नसांची सोनोग्राफी) केलं तर रक्ताची गुठळी निघाली. आता रोज दोन वेळा पोटात इंजेक्शन. कॅन्सर पसरलाय का? केमो थांबणार का? सगळं पथ्यपाणी सांभाळून हे कुठून आलं? — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी मसाज बंद, आजपासून. सासूबाईंनी मायेनेच केलंय, त्यांना बोलू नका, पण तो कागद डाव्या हातासाठी आहे. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हातात पाणी साठून सूज येऊ शकते, ती बहुतेकदा हळूहळू, कधी कधी काही महिन्यांनी सुद्धा येते आणि तिला शिकवलेला हलका मसाज चालतो. तुमची सूज आलीय लाईनच्या हाताला, तीही दोनचार दिवसांत. अशा वेळी पहिला संशय गुठळीचाच घ्यायचा, आणि गुठळीवर चोळायचं नसतं, ती सुटून पुढे सरकायची भीती असते. दोन हात, दोन वेगळे आजार, आणि हा फरक पेशंटला कुणी नीट सांगत नाही याचा मला खरंच राग येतो.

आता पसरलाय का ते. गुठळी झाली म्हणजे कॅन्सर पसरला असा अर्थ होत नाही. कॅन्सरमध्ये रक्त तसंही गोठायच्या बाजूला झुकलेलं असतं, त्यात केमोची औषधं नसांच्या आतल्या अस्तराला त्रास देतात, आणि तुमच्या बाबतीत तर दंडातून थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत एक नळी दिवसरात्र आत आहे, मग वेगळं कारण शोधायला कशाला जायचं. हे काही नवीन नाही, पॅरिसच्या आर्मां त्रूसो नावाच्या डॉक्टरांनी कॅन्सर आणि गुठळीचं नातं 1865 मध्येच शिकवताना मांडलं होतं, आणि दोनच वर्षांत स्वतःच्या नसेत गुठळी दिसल्यावर त्यांनी आपलाही आजार ओळखला. तेव्हा हातात औषध नव्हतं, आता आहे. आणि पथ्याचा इथे काही संबंध नाही, त्यामुळे काय खाल्लं काय नाही ते आठवत बसू नका.

केमो बहुतेकदा चालू राहते. फार तर एखादी सायकल पुढे ढकलतील. लाईन नीट चालत असेल, इन्फेक्शन नसेल आणि अजून गरज असेल तर ती लगेच काढत पण नाहीत. रक्त पातळ करायचं औषध साधारण कमीत कमी तीन महिने आणि लाईन आत आहे तोवर तरी चालतं, काहींना इंजेक्शनवरून गोळीवर नेतात. गुठळी विरघळायचं काम शरीर स्वतः हळूहळू करतं, औषध तिला वाढू देत नाही, म्हणून हात दोन दिवसांत उतरला नाही तर औषध लागू पडत नाहीये असं समजून डोस सोडू नका. बसताना हात उशीवर उंच ठेवा, बोटं हलवत राहा.

इंजेक्शन घरीच घेत असाल तर बेंबीपासून चार बोटं लांब, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, कातडीची घडी चिमटीत धरायची आणि सुई सरळ आत, औषध पूर्ण जाईपर्यंत चिमूट सोडायची नाही. भरून आलेली सिरिंज असेल आणि पूर्ण डोस घ्यायचा असेल तर आतला हवेचा बुडबुडा काढत बसू नका, तो तसाच चालतो. नंतर चोळायचं नाही (परत तेच!), नाहीतर निळेकाळे डाग मोठे होतात. थोडे डाग पडणारच, घाबरू नका. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवा आणि हॉस्पिटलला परत द्या, कचरा उचलणाऱ्या ताईच्या हातात जायला नकोत.

केमोमध्ये प्लेटलेट पडतात हे माहितीच असेल. त्या 50,000 च्या खाली गेल्या की या औषधाचा डोस बदलावा लागतो, म्हणून रिपोर्ट आला की स्वतःहून दाखवा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. अंग दुखलं म्हणून ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक मेडिकलमधून आणून घ्यायचं नाही, रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल विचारून चालेल, पण आधी थर्मामीटर लावा, कारण केमोत 100.4 च्या वर ताप म्हणजे त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि गोळीने तो ताप झाकला जातो.

अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यात रक्त आलं, चक्कर येऊन पडलात, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी इमर्जन्सीला जायचं. गुठळीचा तुकडा फुफ्फुसात गेला तर असं होतं. काळी डांबरासारखी शी, नाकातून न थांबणारं रक्त, डोक्याला मार, यालाही तोच नियम. फाईलच्या पहिल्याच पानावर औषधाचं नाव आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी ते पान आधी दाखवा.

प्रश्न : बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, आता पायात पण गुठळी. शेजारच्या काकूंनी मेथी, पालक बंद करायला सांगितलं, आणि एका नातेवाईकाने हळदीच्या कॅप्सूल आणून दिल्यात. बाबा तसेच जेवत नाहीत. — लातूर

उत्तर : या कॅन्सरमध्ये गुठळ्या जास्त होतात, त्यामुळे तुमच्याकडून काही राहून गेलं असं नका समजू. पालेभाजीचं ते पथ्य वॉरफॅरिन, एसिट्रोम अशा रक्त पातळ करायच्या जुन्या गोळ्यांचं आहे, आणि त्यातही भाजी बंद करा असं नसून रोज साधारण सारखी खा असं असतं. इंजेक्शन किंवा एपिक्साबॅनसारखी नवी गोळी असेल तर मेथीची भाजी खुशाल द्या, अहो जे काय दोन घास जातायत ते तरी जाऊ देत! गोळीचं नाव फक्त एकदा चिठ्ठीवर बघून घ्या. आमटीतली हळद चालेल, कॅप्सूल नको, त्यात मात्रा खूप जास्त असते आणि रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. नातेवाईकांना डॉक्टरांनी नाही म्हटलंय म्हणून सांगा, वाईटपणा आमच्यावर ढकलायला काही हरकत नाही.