वायरचे जुने इन-इअर (कानात आत बसणारे इअरफोन) गेले, डावीकडचा आवाज हळूहळू बसत गेला. अभंगापासून मेटलपर्यंत सगळं तासन्‌तास ऐकतो, दोन-अडीच हजारांत नवे कोणते घेऊ?

डावीकडचा आवाज हळूहळू बसत गेला असं तुम्ही लिहिलंय, म्हणून खरेदीआधी एक बघा. वायर तुटत आली की आवाज खरखरतो, येतो-जातो. असा हळूहळू बसला तर बहुधा तोंडावरच्या बारीक जाळीत कानातला मळ अडकलेला असतो. टिप (टोकाची रबरी टोपी) काढा, जाळी खाली धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडा. सुई अजिबात लावू नका.

तरी नवे घ्यायचेच असतील तर ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला भाग) एक की चार, या वादात पडू नका. दिवसभर ऐकणाऱ्याने दोनच गोष्टी पाहाव्यात: टिप कानात घट्ट बसते का आणि वरचे सूर टोचतात का.

टिपला फट राहिली की आधी बास (खालचे जाड सूर) पळतो, आणि लोक शिव्या कंपनीला घालतात. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. खुशाल एकात मोठी, एकात मधली घाला. त्यात आपल्या नागपुरात एप्रिल-मेमध्ये डोक्याशी कूलर घरघरत असतो. फटीतून तो आत आला की आपण नकळत आवाज चढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० वर तेच ४ तासांवर येतं. फोमच्या टिप्स कूलर बऱ्यापैकी अडवतात, फक्त लवकर झिजतात, अधूनमधून बदलाव्या लागतात.

टोचण्याची परीक्षा टाळांवर घ्या. गजर रंगात आला की टाळ गाणाऱ्याच्या पुढे येऊन कानात चिरचिरत असतील, तर तो सेट तासाभरात डोकं उठवणार. मग विलंबित ख्याल लावा. डग्ग्याची घुमक गळ्यावर चढता कामा नये. बास आणि ट्रेबल (वरचे सूर) दोन्ही फुगवलेले सेट मेटलला पहिली दहा मिनिटं झकास वाटतात, ख्यालात मात्र गवय्या शेजारच्या खोलीत बसल्यासारखा वाटतो.

तुमच्या बजेटमध्ये मी सेव्हन-हर्ट्झ झीरो २ घेईन. बास भरदार, वरचा भाग मवाळ, आणि प्लास्टिकचा असल्याने कानाला हलका. मूनड्रॉप चू २ धातूचा आहे, जरा उजळ वाजतो. पण त्याचं जाळीचं तोंड बदलता येतं, त्यामुळे मळाचाच त्रास असेल तर तो बघा. दोन्हींची वायर ०.७८ मिमीच्या दोन पिनांची, सुटी होणारी. वायर गेली तर फक्त वायरच घ्यायची. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची सोय आहे का ते आधी वाचा; टिपचं पाकीट फोडलं की काही विक्रेते परत घेत नाहीत.

फोनला जॅक नसेल तर टाइप-सी डोंगल (फोन आणि वायर जोडणारा तुकडा) लागेल, तो डॅकवालाच घ्या, म्हणजे डिजिटल आवाज इअरफोनला वाजवता येईल असा करणारी चिप असलेला. साधे अडाप्टर बऱ्याच फोनवर वाजतच नाहीत. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) घेणार असाल तर फोन आणि इअरफोन सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा.