आधी मल्टिमीटर परत द्या

प्रश्न : मुलाला बारावी सायन्सला ५४ टक्के मिळाले, सीईटीही जेमतेम. पण लक्ष सगळं मामाच्या जुन्या गाडीत. दार अर्धं उघडलं की काच चालते, पूर्ण उघडलं की बंद, यामागे दोन दिवस लागला होता. शेवटी मी त्याचा मल्टिमीटर (वायरीतली वीज तपासायचं यंत्र) कपाटात कुलूपबंद केला. वायरी जोडायला शिक्षण कशाला? कर्ज काढून मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनीअरिंगला घालू का? – एक वडील, सातारा

उत्तर : दादा, मला मार्कांची नाही, त्या कुलपाची काळजी वाटते. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला एक गोष्ट मनापासून जमत होती, नेमकी तीच तुम्ही काढून घेतलीत. तो आता घरात काही सांगेनासा होईल. कर्जाचं तर मनातूनच काढून टाका. चार वर्षं तो तुमच्या भीतीपोटी वर्गात बसेल आणि हप्ते तुम्ही फेडाल.

‘वायरी जोडायला शिक्षण कशाला’ हा समज मात्र साफ चुकीचा आहे. दार आणि बॉडी यांच्यामध्ये बिजागरीजवळ एक रबरी बूट, म्हणजे नळीसारखं आवरण असतं, त्यातून वायरी जातात. दार हजारो वेळा उघड-मीट झालं की आतली तांब्याची तार तुटते आणि दार पूर्ण उघडल्यावर काच बंद पडते. वरचं आवरण शाबूत असल्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही. अडाणी कारागीर थेट काचेची मोटर बदलतो, किंवा फ्यूज उडतो म्हणून जास्त अँपिअरचा टाकतो. त्याने वायर तापून आग लागू शकते. नुसती कंटिन्युइटी (तार सलग आहे का, ही मल्टिमीटरची चाचणी) पाहिली तर तीही फसवते, कारण एकच धागा शिल्लक असला तरी मीटर वाजतो. पण मोटरचा लोड आला की तिथेच व्होल्टेज पडतं. जोड बुटाच्या आत सोल्डर केला (वितळलेल्या धातूने डाग दिला) तर ती जागा ताठ होते आणि तिच्या कडेला तार पुन्हा तुटते. म्हणून वाकणाऱ्या भागात नवी लवचीक वायर घालून जोड बुटाबाहेर घ्यायचे असतात. यातलं किती मुलाला कळलंय, ते त्याच्याशेजारी बसून विचारा.

मार्ग सरळ आहेत : आयटीआयचा मोटर मेकॅनिक ट्रेड आणि पुढे अप्रेंटिसशिप, नाहीतर बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. माझं मत आयटीआयला, कारण त्याचा हात आधीच चालतो. सर्किट डायग्राम इंग्रजीत असतात, ते वाचायची सवय मात्र आत्तापासून लावा. इलेक्ट्रिक गाड्यांच्या हाय-व्होल्टेज वायरिंगला प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नाही, हेही त्याला बजावून सांगा.