गळाला लावायचा रबरी मासा (खोटं आमिष) आणलास, आता पाण्यात असा चालव

सगळे रंग घेत बसू नकोस. एक पांढरा, एक गडद, 3-4 इंचांचे, चपट्या हलत्या शेपटीचे; कोकणातल्या खाडीत सुरुवातीला एवढं पुरतं. जिताड्यासाठी ओहोटी धर. कांदळवनातलं पाणी ओहोळातून मुख्य धारेला मिळतं, तिथे तो कोळंबी-बोयांवर दबा धरून असतो. 10 ग्रॅमचं जिगहेड (शिशाचं डोकं असलेला गळ) तळाला टेकू दे, मग रीळ इतकं सावकाश फिरव की शेपटीची थरथर रॉडच्या टोकाला जेमतेम जाणवेल. मध्येच थांब, बऱ्याचदा तो तेव्हाच घेतो. ओठ खरखरीत, कल्ल्याची कड पात्यासारखी, म्हणून 40 पौंडांचा लीडर (गळाजवळचा जाड दोराचा तुकडा) हवाच.

तांबोशी कांदळवनाच्या मुळांत राहते. तिथे गळाचं टोक रबरात लपव आणि चावा बसताच ओढ, नाहीतर दोर मुळांत अडकलाच.

मरळीचं उलटं. गोड्या पाण्यात शेवाळावरून रबरी बेडूक टिचक्या देत आण. पाणी उसळलं की लगेच झटका नको, दोर ताणेपर्यंत दम धर. अवघड आहे, हात ऐकत नाही! पिल्लांचा लालसर घोळका दिसला तर मात्र तिथे टाकूच नकोस, राखण करणारी मरळ खालीच असते, ती पकडली तर पिल्लं उघडी पडतात.

आणि रबर गळावर सरळ बसलंय ना, दर वेळी बघ. वाकडं बसलं की गरगर फिरतं, दोराला पीळ पडतो.